काय व्हायचं तेच माहीत नाही, मग कॉलेज कसं निवडायचं? नागपुरातल्या एका ॲडमिशनचं प्रकरण

घरच्यांना विचारून लिहितेय. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. मुलीला आपण चिऊ म्हणू. मी त्यांच्या शेजारची, ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे मे महिना लागला की आमच्या गल्लीतले सगळे मार्कशीट घेऊन माझ्याकडेच येतात.

पार्श्वभूमी

दक्षिण नागपूर, मानेवाड्याकडचा भाग. बाबा एका पतसंस्थेत, आई घरून ब्लाउज-फॉलचं काम करते, मोठा भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर होऊन पुण्यात आयटीत लागलाय. ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. नॉन क्रिमिलेअर आणि जात पडताळणी दोन्ही कागद तयार होते, कारण अकरावीत असतानाच मी त्यांच्या मागे लागले होते. (हे एक काम मी नीट केलं, पुढं चुका केल्यात त्या सांगतेच.)

दहावीला ९१ टक्के पडले आणि सायन्स हे न विचारताच ठरलं. मॅथ्स का बायो यावर घरात वाद झाला तेव्हा तोडगा निघाला, दोन्ही घे, नंतर पाहू. म्हणजे पीसीएमबी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही. ऐकायला छान वाटतं पण चिऊची दोन वर्षं दोन डगरींवर पाय ठेवण्यात गेली, सकाळी नीटचा क्लास, संध्याकाळी मॅथ्सची ट्यूशन, आणि मधे कॉलेजची प्रॅक्टिकल्स.

२०२४ चे निकाल असे. २१ मे ला बारावी, ७८ टक्के. ४ जूनला नीट, ७२० पैकी ४०२. (त्या वर्षीचा नीटचा गोंधळ आठवत असेल, ६७ जणांना पैकीच्या पैकी, मग १५६३ मुलांची फेरपरीक्षा, कोर्टकचेऱ्या. आमच्या घराघरात रोज एकच चर्चा की पेपर रद्द होणार का.) जूनच्या मध्यात सीईटी, पीसीएमला ८४ पर्सेंटाइल, पीसीबीला ९१.

अडचण नेमकी काय होती

घरच्यांच्या मते अडचण मार्कांची होती. दहा-पंधरा पर्सेंटाइल जास्त असते तर प्रश्नच नव्हता असं बाबा म्हणायचे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं.

मग एका संध्याकाळी आई बाजारात गेली होती तेव्हा चिऊ एकटीच आली. मी विचारलं, बाकी सगळं सोड, तुला काय करायचंय? ती गप्प. मग म्हणाली, "काकू, मला खरंच माहीत नाही. डॉक्टर व्हायचं होतं का तेही माहीत नाही. क्लास चालू होता म्हणून मी देऊन राहिली होती परीक्षा." आणि रडायला लागली, जसं काही मोठा गुन्हा कबूल केला.

सतरा-अठराव्या वर्षी माहीत नसणं यात काय विशेष आहे? मला स्वतःला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. पण आपल्याकडे "माहीत नाही" म्हटलं की लोक "इंटरेस्ट नाही, आळशी आहे" असं ऐकतात, म्हणून पोरं काहीतरी एक नाव घेऊन मोकळी होतात. चिऊनं दोन वर्षं "डॉक्टर" हे नाव घेऊन वेळ मारून नेली होती. त्यामुळे घर भलत्याच प्रश्नावर भांडत होतं, डॉक्टर नाही तर इंजिनिअर का? आणि जिचं करिअर ठरलेलं नाही तिनं कॉलेज कशावरून निवडायचं, हे कोणी विचारतच नव्हतं.

समोर काय काय होतं

एक, ड्रॉप, म्हणजे एक वर्ष थांबून परत नीट. हा मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचा आग्रह, त्यांच्या ओळखीतल्या कोणाच्या तरी मुलाचे दुसऱ्या वेळी दोनशे मार्क वाढले होते.

दोन, इंजिनिअरिंग. ८४ वर व्हीएनआयटीचा (इथलं केंद्र सरकारचं इंजिनिअरिंग कॉलेज) प्रश्न नाही, तिथं जेईई मेन लागते आणि ती तिनं दिलीच नव्हती. एलआयटी, इथलीच जुनी केमिकल इंजिनिअरिंगची संस्था, हाताबाहेर. हिंगणा रोडकडच्या कॉलेजांत सिव्हिल, मेकॅनिकल मिळेल असं दिसत होतं, कॉम्प्युटर नाही.

तीन, बी.फार्म. पीसीबीवर मिळालं असतं कुठंतरी, पण फार्मसीची कॅप (सीईटीनंतरची सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, तिचे राउंड असतात) सगळ्यात शेवटी रेंगाळते, तोवर थांबायचं कसं?

चार, बीएस्सी ॲग्री. हे मी सुचवलं. महाराजबागेला लागून असलेलं आपलं कृषी महाविद्यालय १९०६ चं आहे, महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालयसुद्धा तेच चालवतात, आणि मला तो परिसर लहानपणापासून आवडतो. तिच्या मामाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, डिंक्या रोगानं झाडं वाळली तेव्हा ती फोटो काढून मला दाखवायची, म्हणून मी लगेच गणित जुळवलं. हा माझा उतावीळपणा होता. झाडाचा फोटो काढणं आणि चार वर्षं शेतकी शिकणं यात फरक आहे.

पाच, साधी बीएस्सी. हे कोणाच्याच यादीत नव्हतं. आईनं तर सरळ म्हटलं, "बीएस्सी काहून? लोकं म्हणतील काहीच लागलं नाही म्हणून."

बीएएमएसचाही, म्हणजे आयुर्वेदाच्या डॉक्टरकीचाही, विषय निघाला होता पण त्याचं कौन्सेलिंग दिवाळीपर्यंत चालतं म्हटल्यावर बाबांनीच हात झटकले.

वही

मी त्यांना एक दोनशे पानी वही आणायला सांगितली. प्रत्येक पर्यायाला एक पान. पानावर तीन रकाने: आत जायला काय लागतं, एका वर्षानं सोडावं वाटलं तर काय जातं, आणि सोडून किंवा पूर्ण करून पुढं कुठं कुठं जाता येतं. "पॅकेज किती" हा रकाना बाबांना पाहिजे होता, मी नाही म्हटलं, कारण जो पर्याय तिला झेपेल का तेच माहीत नाही त्याचं पॅकेज लिहून काय करायचं?

मधला रकाना सगळ्यात कामाचा निघाला. ज्याला नक्की माहीत आहे त्याला तो लागत नाही, तो सरळ आत शिरतो. पण ज्याला माहीत नाही त्यानं आधी बाहेरचं दार कुठं आहे ते पाहून घ्यावं.

ड्रॉपच्या पानावर मी तिला शेवटच्या दहा मॉक टेस्टचे मार्क लिहायला लावले. ३८०, ३९५, ३७०, ४०५, असंच सगळं. त्या वर्षी सरकारी एमबीबीएसची सीट सहाशेच्या बऱ्याच वर जात होती. सहा महिने आकडा हललेला नाही, आणि जिला मुळात हवंय की नाही माहीत नाही ती अजून एक वर्ष काय म्हणून अभ्यास करणार? ड्रॉपच्या पानावर तिनं स्वतः काट मारली. मोठे बाबा दोन आठवडे बोलले नाहीत.

बीएस्सीचं पान मात्र भरतच गेलं. एमएस्सी, बीएड, एमबीए, तीन वर्षांचं एलएलबी, एमपीएससी, बँकेच्या परीक्षा. बारावीला मॅथ्स होतं म्हणून एमसीए, आणि हे खूप जणांना माहीत नसतं की बारावीला मॅथ्स असलेल्या बीएस्सीवाल्यांना डिप्लोमावाल्यांसारखा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही फॉर्म भरता येतो. दोन वर्षं पीसीएमबी करून जो जीव काढला त्याचा उपयोग झाला तो इथं. मागच्या बाजूनं बघितलं तर बीएस्सीचा तोटाही त्याच पानावर होता, नुसत्या पदवीवर हातात फार काही येत नाही, पुढं काहीतरी करावंच लागतं. तेही लिहिलं.

पहिला निर्णय: सीट हातात घेऊन ठेवायची का

अडचण तारखांची असते. विद्यापीठाच्या कॉलेजांत बीएस्सीचे प्रवेश जून-जुलैत उरकतात, इंजिनिअरिंगच्या कॅपचा पहिला राउंड त्या वर्षी ऑगस्टमध्ये गेला. म्हणजे कॅपची वाट पाहत बसलं आणि तिथं मनासारखं नाही झालं तर बीएस्सीचं चांगलं कॉलेज भरून गेलेलं असतं.

बाबांचा जीव फीमध्ये अडकला होता, भरली आणि सोडली तर बुडाली. पण यूजीसीचा त्या वर्षीचा नियम स्पष्ट होता, ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापायचे. मी तो कागद प्रिंट काढून फाइलला लावला. खरी अडचण टीसीची असते, ओरिजिनल टीसी कॉलेज ठेवून घेतं आणि दुसरीकडे जायचं तर आधी इथलं रद्द करून ती सोडवून आणावी लागते. म्हणून सगळ्या कागदांच्या पाच-पाच अटेस्टेड झेरॉक्स करून ठेवल्या आणि रद्द करायचा अर्ज कोणाकडे द्यायचा, टीसी किती दिवसांत मिळते, हे आत जायच्या आधीच ऑफिसात विचारून घेतलं. तिथले बाबू हसले, "अजून घेतली नाही ॲडमिशन तर कॅन्सलचं विचारून राहिले!"

कॉलेज निवडायला आम्ही तीन ठिकाणी गेलो, मुद्दाम चालू दिवशी. शहरातल्या एका जुन्या अनुदानित कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये डोकावलो तर लॅब अटेंडंट पेट्री डिश धूत होते. मी प्राध्यापकांना काहीच विचारलं नाही, अटेंडंटला विचारलं, भाऊ, ऑटोक्लेव्ह (काचेची भांडी वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) कधी कधी लावता? "मंगळवार आणि गुरुवार, नाहीतर पोरांच्या प्लेटा कशा होतील?" मला जे पाहिजे होतं ते कळलं. दुसऱ्या एका ठिकाणी लॅबला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, तिथून आम्ही चहा पिऊन परत आलो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जुन्या कॉलेजात सीट घेतली. फी दहा हजारांच्या आतच. आईनं कोणाला सांगितलं नाही.

दुसरा निर्णय, म्हणजे खरं तर घोळ

त्याच जुलैत सरकारचा निर्णय आला, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. कॅपमधून मिळालेल्या सीटलाच, मॅनेजमेंट कोट्याला नाही, खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. निर्णय चांगलाच आहे, कितीतरी मुलींना यानं आधार झाला. पण आमच्या प्रकरणात घराचं पारडं एका रात्रीत फिरलं. दादा पुण्याहून फोनवर, "फुकट इंजिनिअरिंग भेटून राहिलं आणि तुम्ही बीएस्सी करता? ब्रँचनं काही फरक पडत नाही, मी मेकॅनिकल, आज कोडिंग करतो."

ऑप्शन फॉर्म भरायची जबाबदारी दादानं घेतली, पुण्यातून, लॉगिन घेऊन. मी त्या आठवड्यात बहिणीकडे अमरावतीला होते. कॅपमध्ये तीनशेपर्यंत पर्याय देता येतात, त्यानं आठ भरले. आणि पहिल्या नंबरवर हिंगणा रोडच्या एका कॉलेजचं सिव्हिल टाकलं. का, तर "ते नक्की लागेल."

ज्यांनी कॅप केलीय ते इथं कपाळावर हात मारतील. पहिल्या राउंडला पहिलाच प्रेफरन्स लागला की सीट ऑटो फ्रीझ होते, पुढच्या राउंडमधून तुम्ही बाहेर. म्हणजे पहिल्या नंबरवर जे सगळ्यात जास्त हवंय ते टाकायचं, मिळेल का याचा विचार न करता, आणि जे नक्की मिळणार ते खाली. दादाच्या डोक्यात उलटं होतं, त्याच्या वेळी त्याचा फॉर्म बाबांनी सायबर कॅफेतून भरला होता, त्यानं नियम कधी वाचलेच नव्हते.

लिस्ट लागली. सिव्हिल. ऑटो फ्रीझ. घरात पेढे आले आणि चिऊचा मला मेसेज, "काकू लागलं. मला पोटात कसंतरी होऊन राहिलं."

ते तीन दिवस

सीट स्वीकारायची तर हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरून, कॉलेजात रिपोर्ट करून, इथली टीसी सोडवून न्यायची. नाही स्वीकारली तर त्या वर्षीचं कॅपमधलं इंजिनिअरिंग संपलं.

बीएस्सीचे वर्ग तोवर सुरू झाले होते, ती तीन आठवडे जात होती. घरी परत वही काढली. इंजिनिअरिंगचं पान आता फी माफ धरून नव्यानं लिहिलं. डेव्हलपमेंट फी, कॉलेज बस, लॅपटॉप धरून बाबांच्या हिशेबानं पहिल्या वर्षाला साठेक हजार लागतच होते. मेट्रोनं जायचं तर अजनीपर्यंत ऑटो, सीताबर्डीला गाडी बदलायची, लोकमान्यनगरला उतरून पुढं परत ऑटो, एका बाजूनं सव्वा तास. हे सगळं झेपलं असतं. अडलं मधल्या रकान्यात. एका वर्षानं सोडावं वाटलं तर? वर्ष जातं, आणि सिव्हिलच्या पहिल्या वर्षावर दुसरीकडे कुठं फारसं जाता येत नाही. ब्रँच बदलायची सोय असते, पण ती वरच्या मार्कांच्या मुलांना.

बाबा म्हणाले, सोडायचंच कशाला, चार वर्षं काढ. तेव्हा चिऊ पहिल्यांदा बाबांसमोर बोलली, "बाबा, मी डॉक्टरकीची दोन वर्षं अशीच काढली ना." बाबा उठून बाहेर अंगणात गेले, बराच वेळ झाडांना पाणी देत बसले, पावसाळ्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकच काम सुचवलं. त्या सिव्हिलच्या कॉलेजात ते लोक फॉर्म भरायच्या आधी गेले होते पण रविवारी, बिल्डिंग आणि बाग पाहून आले होते. आज चालू दिवशी जा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला. मी गेले नाही, मी गेले असते तर मीच बोलले असते. संध्याकाळी चिऊ सांगत होती की तिथल्या मुली चांगल्या होत्या, सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल पाहिलं, एका ताईनं तिला लेव्हलमधून, म्हणजे जमिनीची उंची मोजायच्या दुर्बिणीतून, बघायला दिलं. "वाईट काहीच नव्हतं काकू. पण उद्या सकाळी माझी मायक्रोची प्लेट उघडायची आहे आणि मी तिथं उभी राहून तिचाच विचार करत होती."

ही काही पॅशन वगैरे नाही हे मी तेव्हाच बाबांना म्हटलं. तीन आठवड्यांत कोणाला पॅशन होत नसते. पण दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा स्वतःहून उद्याचं काहीतरी सांगितलं होतं. सीट सोडली.

पुढं काय झालं

पहिल्या सेमला केमिस्ट्रीत जेमतेम, मायक्रोबायोलॉजीत चांगले. नवीन शैक्षणिक धोरणामुळे एक ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा जादा विषय) दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागतो, तिनं कॉमर्सकडचा घेतला आणि तोच तिला सगळ्यात सोपा गेला, बाबा पतसंस्थेतले, त्यांनी रविवारी बसून शिकवला. आमच्या गल्लीत तेव्हापासून बापलेकीचा अबोला संपला असं म्हणतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात ती पंधरा दिवस पाणी तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये बिनपगारी गेली. कोलिफॉर्म टेस्ट, म्हणजे पाण्यातले जंतू तपासणं, शिकली. घरी येऊन म्हणाली की टेस्ट ठीक आहे, पण तिला रजिस्टर, सॅम्पलचा हिशेब, कोणाचा रिपोर्ट का अडला हे शोधणं जास्त आवडलं. मला गंमत वाटली, आम्ही कोणीच असं काही पान वहीत लिहिलं नव्हतं.

सगळं गोड झालं असंही नाही. सिव्हिलला गेलेल्या तिच्या मैत्रिणीची लॅपटॉप घेऊन बसलेली इन्स्टाग्रामवरची स्टोरी दिसली की ती दिवसभर गप्प असते. आई लग्नसमारंभात अजूनही "सायन्स करून राहिली" एवढंच सांगते.

काय वेगळं करता आलं असतं

दहावीनंतर दोन्ही ग्रुप घेताना "नंतर पाहू" म्हटलं, पण ते नंतर कधी पाहायचं हे ठरवलंच नाही. अकरावीच्या दिवाळीत एकदा बसून बोलले असते तर बारावीला एक ओझं कमी झालं असतं आणि टक्के बहुतेक सुधारले असते. अर्थात मग एमसीए आणि थेट दुसऱ्या वर्षाचं दार कदाचित बंद झालं असतं, तेव्हा इथं मी ठाम काही सांगू शकत नाही.

तिला एकटीला विचारायला जून उजाडला. घरातल्या चार लोकांसमोर विचारलं तर अठरा वर्षांची पोर "डॉक्टर"च म्हणणार.

ऑप्शन फॉर्म विद्यार्थ्यानं स्वतः भरावा, शेजारी कोणीही बसो. कन्फर्म करायच्या आधी एक रात्र तसाच ठेवावा. आमच्याकडे बीएस्सीची सीट हातात होती म्हणून दादाची चूक पचली, नसती तर चिऊ आज सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षात असती, कदाचित आनंदातही असती, कोण सांगणार. पण ते तिनं निवडलेलं नसतं.

माझी चूक ॲग्रीची. मी जवळजवळ दहा दिवस तिला महाराजबागेच्या गोष्टी सांगत होते आणि ती मान हलवत होती. मान हलवणाऱ्या मुलीचं मत विचारायला मी विसरले, तेही आयुष्यभर वर्गात अशाच माना पाहून.

आणि चालू दिवशी कॉलेज बघायचं काम सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं, फॉर्मच्या आधी, पेढ्यांच्या तर नक्कीच आधी.

वही अजून तिच्याकडेच आहे. दर सेमनंतर ती पानं चाळते, काही खोडते. दादा आता पुण्याहून फोन केला की हेच विचारतो, वहीत किती उरले? मागच्या महिन्यात मी तिथंच बसले होते. ती म्हणाली, "दोन उरले होते. आता तीन झाले, एक नवीन टाकला." पलीकडून दादा काहीतरी ओरडला आणि आई आतून विचारायला लागली, काय झालं व?